अंग बाहेर येण्याचा आजार आणि डॉ. शिरोडकर

गर्भपात रोखणारा ‘शिरोडकर टाका’ जगभरच्या डॉक्टरांना माहीत आहे. १९५५ मध्ये तो जगापुढे आणणारे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी स्त्रियांच्या आणखी एका दुखण्यावर मोलाचे काम केले. ते दुखणे म्हणजे अंग बाहेर येणे, अर्थात गर्भाशय खाली सरकणे.

शिरोडकरांचा जन्म १८९९ मध्ये गोव्यातील शिरोडा गावचा. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकून १९३१ मध्ये ते इंग्लंडमध्ये एफआरसीएस झाले आणि पुढे ग्रँटमध्येच प्राध्यापक झाले. त्या काळी रूढ असलेल्या मँचेस्टर शस्त्रक्रियेत गर्भाशयाचे मुख कापले जाई. त्यामुळे पुढच्या गर्भारपणात अडचणी येत. शिरोडकरांनी मुख न कापता गर्भाशयामागचे बंध पुढे आणून शिवण्याची पद्धत काढली. गर्भाशयाला पट्टीने पाठीमागच्या त्रिकास्थीचा आधार देणारी शस्त्रक्रियाही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. मूल हवे असलेल्या तरुणींसाठी या दोन्ही पद्धती उपयोगी ठरल्या.

बाईचे वय आणि गरज पाहून शस्त्रक्रिया निवडावी, हे तत्त्व साठी-सत्तरीच्या स्त्रियांनाही लागू आहे. त्यांच्यात बहुधा योनिमार्गे गर्भाशय काढून सैल भाग शिवतात. शरीरसंबंध नको असतील आणि प्रकृती नाजूक असेल, तर योनिमार्ग बंद करण्याची छोटी शस्त्रक्रिया करता येते. पोट उघडावे लागत नाही, अनेकदा कमरेखाली भूल पुरते. नुसते वय जास्त म्हणून शस्त्रक्रिया नाकारण्याचे कारण नाही. खरा धोका हृदयविकार, अनियंत्रित मधुमेह, रक्तदाब आणि रक्तक्षय यांचा असतो. त्यांची तपासणी आणि उपचार आधी व्हायला हवेत. रक्तस्राव, लघवीचा जंतुसंसर्ग, पायात रक्ताची गुठळी, काही दिवस गोंधळल्यासारखे होणे, त्रास पुन्हा उद्भवणे हे धोके डॉक्टरांकडून समजून घ्यावेत. शस्त्रक्रिया झेपणारच नसेल, तर आधारासाठी रिंग बसवता येते.

१९७१ मध्ये शिरोडकरांना पद्मविभूषण मिळाले आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. आजही नाशिकसारख्या जिल्ह्यात कित्येक आजी लाजेपोटी हे दुखणे वर्षानुवर्षे लपवतात. घरातल्या लेकी-सुनांनी आपणहून विचारावे आणि त्यांना स्त्रीरोगतज्ज्ञाकडे न्यावे.