ठिबकचे जनक सिमचा ब्लास आणि एक गळका जोड

घरामागच्या परसबागेत ठिबकचा एखादा जोड गळू लागला, की आपण त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळतो आणि विसरून जातो. पाणी झाडांमध्येच तर जाते, वाया कुठे जाते, असेही वाटते. आज तुमच्या बागेत जे ठिबक आहे, त्याची कल्पनाही एका गळक्या जोडावरूनच सुचली होती. ज्यांना ती सुचली त्या सिमचा ब्लास यांचे आयुष्य समजून घेतले, तर गळती का आणि कशी दुरुस्त करायची हेही नीट समजते.

झाड पाण्याविना वाढत नव्हते

ब्लास यांचा जन्म १८९७ मध्ये पोलंडमधील वॉर्सा येथे झाला. तेथेच त्यांनी अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. १९३० मध्ये ते ब्रिटिश अमलाखालील पॅलेस्टाईनमध्ये स्थायिक झाले. प्रदेश कोरडा, पाऊस हिवाळ्यातच आणि तोही बेभरवशाचा. पाणी शोधणे, उपसणे आणि नळांतून वसाहतींपर्यंत नेणे हेच त्यांचे काम झाले.

१९३० च्या दशकाच्या सुरुवातीला एका शेतकऱ्याने त्यांना आपल्या आवारातील एक झाड दाखवले. शेजारची झाडे साधारण होती, हे एकच झाड पाणी न देता जोमाने वाढले होते. ब्लास यांनी जमीन खणून पाहिली. जवळून जाणाऱ्या नळाचा एक जोड थेंबथेंब गळत होता. वर ओलीचा डाग लहानसा होता, पण खाली ओल कांद्याच्या आकारात पसरून या झाडाच्या मुळांपर्यंत पोचली होती. बाकीच्या झाडांपर्यंत ती गेली नव्हती.

हा ओलीचा कांदा तुमच्या बागेतही असतो. भारी काळ्या जमिनीत तो आडवा जास्त पसरतो, हलक्या मुरमाड जमिनीत खोल उतरतो. म्हणून गळतीचा अंदाज वरच्या डागावरून बांधू नका. संशयित जोडाजवळ खुरप्याने वीतभर खणून पाहा. सेकंदाला एक थेंब गळणारा जोड दिवसरात्र पाण्याखाली असेल, तर २४ तासांत सुमारे ४ लिटर पाणी जाते. हे पाणी पिकाला मिळाले असते. जोडाजवळ ते तण वाढवते.

तीस वर्षे थांबलेली कल्पना

ते झाड ब्लास यांच्या मनात राहिले, पण हातात मोठी कामे होती. १९३७ मध्ये मेकोरोत ही पाणीपुरवठा कंपनी उभी करणाऱ्यांमध्ये ते होते. दक्षिणेकडील नेगेव वाळवंटातील वसाहतींना पाणी नेणाऱ्या नळयोजनेची आखणी त्यांनी केली. इस्राएल स्थापन झाल्यावर देशाच्या जलनियोजनातही ते वरच्या जागेवर होते. उत्तरेचे पाणी दक्षिणेला नेणाऱ्या राष्ट्रीय योजनेवरून मतभेद झाले आणि १९५६ मध्ये त्यांनी ती जागा सोडली.

तेव्हा ते साठीच्या उंबरठ्यावर होते. मोठमोठे नळ टाकण्यात आयुष्य घालवलेल्या या माणसाने आता थेंबाकडे लक्ष वळवले. मुलगा येशायाहू सोबतीला होता.

छिद्रे पाडलेल्या नळीने पाणी देण्याचे प्रयोग आधीही झाले होते. अडचण छिद्राची होती. साधारण एक किलो दाबाला तासाला ४ लिटरच पाणी सोडायचे, तर छिद्र अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक लागते. एवढे बारीक छिद्र मातीच्या कणाने लगेच बुजते. ब्लास यांनी वेगळी वाट धरली. छिद्र लहान करण्याऐवजी त्यांनी पाण्याचा मार्ग लांब केला. त्यासाठी बारीक नळी दंडगोलाभोवती गुंडाळली. लांब मार्गात घर्षणाने दाब कमी होतो आणि टोकाला थेंब बाहेर पडतो. मार्ग तुलनेने रुंद राहिल्याने तो सहजासहजी बुजत नाही.

म्हणून बंद पडलेल्या ड्रीपरमध्ये सुई किंवा तार खुपसू नका. आतला मार्ग खराब होतो आणि तो ड्रीपर कायमचा जास्त पाणी सोडू लागतो. उघडणारा असेल तर उघडून धुवा, बंद प्रकारचा असेल तर बदला.

प्लॅस्टिकमुळे जमलेले काम

धातूच्या नळ्यांनी हे काम परवडण्यासारखे नव्हते. दुसऱ्या महायुद्धानंतर स्वस्त प्लॅस्टिक मिळू लागले आणि १९५९ च्या सुमारास ब्लास यांचे प्रयोग रंगरूपाला आले. मात्र प्लॅस्टिक जसे वाकते, तसे ते ताणले जाते, उन्हाने कडक होते आणि जास्त आवळले तर तडकते. तुमच्या बागेतील बहुतेक गळत्या यातूनच होतात. त्यांची दुरुस्ती अशी करा:

- काटेरी जॉइनर गळत असेल तर लॅटरलचे टोक सैल झालेले असते. तेच टोक पुन्हा दाबून बसवू नका. ३ ते ५ सेंमी तुकडा सरळ कापून टाका, टोक अर्धा मिनिट गरम पाण्यात धरा आणि जॉइनर शेवटच्या काट्यापर्यंत आत ढकला. मेणबत्तीवर नळी तापवू नका आणि तेल लावू नका. तेलाने जोड नंतर निसटतो.
- टेक-ऑफजवळ गळती असेल तर आधी रबरी ग्रोमेट बदला. नवीन ग्रोमेट बसवण्यापूर्वी छिद्राची कड घासून साफ करा. छिद्र वाकडे किंवा मोठे झाले असेल तर पीव्हीसी पाइपचा तेवढा तुकडा कापून कपलर बसवा आणि शेजारी नवीन छिद्र पाडा.
- आट्यांचा जोड गळत असेल तर जुनी टेफ्लॉन टेप काढून आटे पुसा. नवीन टेप आट्यांच्या दिशेने ५-६ वेढे गुंडाळा. हाताने घट्ट बसवा, मग पान्याने पाव ते अर्धा फेराच द्या. आत सपाट रबरी वॉशर असेल तर गळती तो वॉशर बदलूनच थांबते.
- ड्रीपरच्या बुडाशी गळत असेल तर छिद्र मोठे झाले आहे. तेथे डमी प्लग लावून थोड्या अंतरावर पंचाने नवीन छिद्र पाडा. तापवलेल्या खिळ्याने छिद्र गोल होत नाही.
- तडकलेला एल्बो किंवा टी बदलाच. वरून लावलेला एपॉक्सीचा लेप नवीन भाग आणेपर्यंतच चालवा.

पीव्हीसीचे सोल्युशन काळ्या लॅटरलवर लावून उपयोग नाही. लॅटरल पॉलिथिलीनची असते आणि ते सोल्युशन तिला धरत नाही. उघड्यावरचे जोड शक्यतो आच्छादनाखाली किंवा सावलीत ठेवा.

हात्झेरीमचे शेतकरी

१९६५ मध्ये ब्लास यांनी नेगेवमधील हात्झेरीम या सामुदायिक शेती वसाहतीशी करार केला. तेथील जमीन कठीण होती, शेतीवर भागत नव्हते आणि वसाहत जोडधंद्याच्या शोधात होती. नेटाफिम ही कंपनी स्थापन झाली आणि १९६६ मध्ये उत्पादन सुरू झाले. संशोधक ब्लास, पण संच घडवणारे आणि शेतात वापरून सुधारणारे शेतकरीच होते. पुढे हे तंत्र जगभर गेले. आपल्याकडे द्राक्ष, केळी, डाळिंब आणि उसाच्या शेतीत त्याने काय बदल केला, हे तुम्ही पाहतच आहात. ब्लास १९८२ मध्ये वारले.

ड्रीपर म्हणजे एका अर्थी गळतीच आहे. फरक एवढाच, की ती कुठे आणि किती व्हायची हे ठरवलेले असते. फिटिंग गळू लागले की हा हिशेब मोडतो. पाणी तर जातेच, शिवाय पुढचा दाबही पडतो आणि ओळीच्या शेवटची झाडे उपाशी राहतात. परसबागेत टाकी जेमतेम ३ मीटर उंचीवर असते. एवढ्या उंचीला सुमारे ०.३ किलो दाब मिळतो, म्हणून घरच्या संचात लहान गळतीचाही फटका मोठा बसतो.

दुरुस्ती झाली की आधी लॅटरलची टोके उघडून पाणी स्वच्छ येईपर्यंत सोडा, मग एंड कॅप लावा. त्यानंतर ओळीच्या पहिल्या आणि शेवटच्या ड्रीपरखाली एकाच वेळी वाटी ठेवा आणि एक मिनिटाचे पाणी मोजा. ४ लिटरचा ड्रीपर पूर्ण दाबाला मिनिटाला सुमारे ६७ मिलि पाणी देतो. टाकीच्या कमी दाबाला ते कमी भरेल, पण दोन्ही वाट्यांतील पाणी जवळपास सारखे हवे. शेवटची वाटी दहा टक्क्यांहून जास्त कमी भरली, तर गाळणी तपासा आणि एकेक जोड हात फिरवून पाहा. पावसाळा संपून पाणी पुन्हा सुरू करताना आणि उन्हाळ्याच्या तोंडावर, अशी ही तपासणी वर्षातून दोनदा करावी.