हिंगण्याची झोपडी

शिक्षकमित्रांनो, पालकहो, लॉकडाऊनमध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा आपण किती गांगरलो होतो, आठवतंय ना? मग महर्षी धोंडो केशव कर्व्यांची ही हकिकत मुलांना जरूर सांगा.

कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायचे. १८९३ साली त्यांनी विधवेशी लग्न केलं, तेव्हा मुरुडला गावानं त्यांना वाळीत टाकलं. तरी १८९६ मध्ये त्यांनी पुण्यात विधवा मुलींसाठी अनाथ बालिकाश्रम काढला, आणि त्याच सुमारास शहरात प्लेग शिरला! मुलींना घरी पाठवावं, तर बहुतेकींना परत जायला धड घरच नव्हतं. शेवटी १९०० मध्ये आश्रम गावाबाहेर हिंगण्याच्या माळावर, एका साध्या झोपडीत गेला. कॉलेज सुटलं की अण्णा पायी तिकडे निघत. पावसाळ्यात वाटेत चिखलच चिखल!

आणि मुली? त्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले यांचंच बघा. विधवा झाल्यावर, चांगल्या मोठ्या वयात त्या शिकायला बसल्या. पुढे याच आश्रमासाठी वर्गणी गोळा करत गावोगाव हिंडल्या, थेट अमेरिकेपर्यंत गेल्या.

कर्वे १०४ वर्षं जगले, १९५८ मध्ये भारतरत्न झाले. ती झोपडी कर्वेनगरात जपून ठेवली आहे. मुलांना घेऊन एकदा जाऊन या.