तिथीच्या हिशेबापासून नेपच्यूनच्या पलीकडे : ज्योतिर्विद व्यंकटेश बापूजी केतकर

रायपूर : नागपूरकर भोसल्यांच्या अमलात अनेक मराठी कुटुंबे छत्तीसगडात स्थिरावली. रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यासारख्या जुन्या वस्तीत असो की पुण्यात, बेळगावात असो, संकष्टीचा चंद्रोदय आणि एकादशीची तिथी पाहण्यासाठी मराठी घरात पंचांग उघडले जाते. पंचांगातल्या त्या आकड्यांमागे ग्रहगती आणि गुरुत्वाकर्षण यांचे गणित असते, याची आठवण मात्र क्वचितच कोणाला होते. हे गणित आधुनिक पायावर आणण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांत व्यंकटेश बापूजी केतकर यांचे नाव पहिल्या पंक्तीत घ्यावे लागते. प्लुटोचे भाकीत करणारा भारतीय एवढीच आज त्यांची ओळख उरली आहे. ती ओळख खोटी नाही. पण ती अपुरी आहे आणि काहीशी दिशाभूल करणारीही आहे.

केतकरांचा जन्म १८ जानेवारी १८५४ रोजी आजच्या उत्तर कर्नाटकातील नरगुंद येथे झाला. नरगुंद हे त्या वेळी भावे घराण्याचे लहानसे संस्थान होते. केतकर चार वर्षांचे असताना, १८५८ मध्ये, संस्थानिक बाबासाहेब भावे यांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला. तो मोडला गेला, बाबासाहेबांना बेळगावात फाशी देण्यात आले आणि संस्थान खालसा झाले. अशा काळात वाढलेल्या या मुलाने १८७४ पासून मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात शिक्षकाची नोकरी धरली आणि पुढे बागलकोटच्या इंग्रजी शाळेचे ते मुख्याध्यापक झाले. त्यांच्या हाताशी वेधशाळा नव्हती, विद्यापीठही नव्हते. जे काही केले ते शाळेची नोकरी सांभाळून, कागद आणि लेखणी यांच्या बळावर.

त्या काळी महाराष्ट्रात आणि कर्नाटकात बहुतेक पंचांगे गणेश दैवज्ञांच्या ‘ग्रहलाघव’ या ग्रंथावरून तयार होत. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० मध्ये रचलेला हा ग्रंथ सोपेपणाचा उत्तम नमुना आहे. ज्या-कोटिज्यांची कोष्टके न वापरता त्यांनी ग्रहांची स्थाने काढण्याची सोय करून दिली. मात्र साडेतीनशे वर्षांत ग्रहांच्या मध्यम गतीतील बारीक चुका साचत गेल्या होत्या. पंचांगात लिहिलेल्या ठिकाणी ग्रह आकाशात दिसेनात. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये युरोपीय ग्रंथांच्या आधारे ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध करून या दुरुस्तीचा पाया घातला. काशीत बापूदेव शास्त्री यांनीही इंग्रजी नॉटिकल अल्मनाकवरून पंचांग काढण्यास आरंभ केला. केतकर याच परंपरेत पुढे आले.

या वादाचे खरे केंद्र चंद्र हे होते. सूर्य आणि चंद्र यांच्यातील कोनीय अंतर बारा अंशांनी वाढले की एक तिथी पूर्ण होते. व्याख्या सोपी आहे, पण चंद्राची चाल सोपी नाही. तो पृथ्वीभोवती लंबवर्तुळात फिरतो; पृथ्वीच्या जवळ असताना वेगाने आणि दूर असताना संथपणे. एवढा फरक जुन्या ग्रंथकारांना उत्तम माहीत होता आणि त्यासाठी त्यांनी सुमारे पाच अंशांचे मंदफल योजले होते. परंतु चंद्राला केवळ पृथ्वीच ओढत नाही, सूर्यही ओढतो. आणि सूर्याची ही ओढ अमावास्या-पौर्णिमेला एक प्रकारची, तर अष्टमीच्या सुमारास वेगळ्या प्रकारची असते. त्यामुळे चंद्राच्या मंदफलात खुद्द फरक पडत जातो. अमावास्या आणि पौर्णिमेला ते पाच अंशांच्या आसपास राहते, अष्टमीच्या सुमारास मात्र साडेसात अंशांपर्यंत पोहोचते.

जुन्या गणिताची परीक्षा मुख्यतः ग्रहणांवर होत असे आणि ग्रहणे अमावास्या-पौर्णिमेलाच होतात. तेथे पाच अंशांचा आकडा चालून जाई. अष्टमीला तोच आकडा चुकत असे आणि ही चूक कधी कधी चार-पाच तासांपर्यंत जाई. ती कोणाच्या नजरेत भरत नसे, कारण अष्टमी संपल्याची खूण आकाशात दिसत नाही. दहाव्या शतकात मुंजाल या ज्योतिष्याने ‘लघुमानस’ ग्रंथात चंद्रासाठी आणखी एक संस्कार सांगितला होता. पण ‘ग्रहलाघवा’त आणि म्हणून घरोघरच्या पंचांगांत तो उतरला नाही.

यातून एक शास्त्रार्थाचा प्रश्न उभा राहिला. रूढ समजुतीप्रमाणे साठ घटिकांची तिथी जास्तीत जास्त पाच घटिकांनी वाढते आणि सहा घटिकांनी घटते. आधुनिक गणिताप्रमाणे वाढ सुमारे सात घटिकांची आणि घट सुमारे दहा घटिकांची होऊ शकते. म्हणजे तिथी कधी वीस तासांत संपते, तर कधी पावणेसत्तावीस तास चालते. व्रताचा आणि श्राद्धाचा दिवस तिथीवरून ठरत असल्याने हा केवळ गणितज्ञांचा वाद राहिला नाही. श्राद्ध चुकीच्या दिवशी झाले, असे सांगणे कोणत्याही घराला सहज रुचणारे नव्हते. केतकरांनी आकाशात जे दिसते त्याच्याशी जुळणाऱ्या, म्हणजेच दृक्प्रत्ययी गणिताची बाजू घेतली. ती मांडण्यासाठी त्यांनी भाषा निवडली ती मात्र संस्कृत.

ही निवड विचारपूर्वक केलेली दिसते. त्यांच्या ‘ज्योतिर्गणितम्’ या ग्रंथाची रचना शके १८१२ मध्ये, म्हणजे १८९० च्या सुमारास झाली. न्यूटनच्या सिद्धांतावर उभे राहिलेले पाश्चात्त्य गणित त्यांनी येथे श्लोक आणि कोष्टके यांच्या रूपाने पंचांगकर्त्यांच्या हाती दिले. इंग्रजी न जाणणाऱ्या शास्त्र्याला ओळखीच्या परिभाषेतच नवे गणित मिळाले. ‘केतकी ग्रहगणितम्’ हा त्यांचा दुसरा ग्रंथ अधिक सुटसुटीत असून ‘ग्रहलाघवा’ची जागा घेण्याच्या हेतूने रचलेला आहे. त्यावरून तयार झालेली पंचांगे महाराष्ट्राबाहेरही पोहोचली. १९२३ मध्ये भारतीय आणि परदेशी कालगणनांवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेने आपल्या नियतकालिकाचा जादा अंक म्हणून प्रसिद्ध केला.

प्लुटोची कथा १९११ मधील आहे. त्या वर्षी मे महिन्यात फ्रान्सच्या खगोल संस्थेच्या पत्रिकेत केतकरांचा एक लेख छापून आला. नेपच्यूनच्या पलीकडे आणखी दोन ग्रह असावेत, असे त्यांनी त्यात मांडले होते. त्यांना त्यांनी ब्रह्मा आणि विष्णू अशी नावे दिली. त्यांपैकी पहिला सूर्यापासून पृथ्वीच्या अंतराच्या ३८.९५ पट दूर असून २४२.२८ वर्षांत एक फेरी पूर्ण करतो, असा त्यांचा हिशेब होता.

हे दोन आकडे एकमेकांशी कसे बांधलेले आहेत, ते केप्लरच्या तिसऱ्या नियमावरून कळते. ग्रहाला एका फेरीस लागणाऱ्या वर्षांचा वर्ग आणि पृथ्वीच्या अंतराच्या पटीत मोजलेल्या त्याच्या अंतराचा घन हे सारखे असतात. गुरू ५.२ पट दूर आहे; त्याचा घन सुमारे १४१. गुरूला एका फेरीस ११.८६ वर्षे लागतात. त्याचा वर्गही सुमारे १४१ च येतो. यामागचे कारण न्यूटनने दाखवले. अंतर दुप्पट झाले की सूर्याची ओढ चौथाई होते, म्हणून दूरचा ग्रह संथ चालतो, शिवाय त्याची वाटही लांब असते. केतकरांचे अंतर या सूत्रात घातले तर सुमारे २४३ वर्षे येतात, म्हणजे त्यांच्या आकड्याच्या अगदी जवळ.

१८ फेब्रुवारी १९३० रोजी अमेरिकेतील लॉवेल वेधशाळेत क्लाइड टॉम्बॉ यांना छायाचित्रांच्या काचांवर एक सरकता ठिपका आढळला आणि १३ मार्चला शोध जाहीर झाला. प्लुटोचे सरासरी अंतर ३९.५ पट आणि फेरीचा काळ सुमारे २४८ वर्षे निघाला. वेधशाळेचे संस्थापक पर्सिव्हल लॉवेल यांनी १९१५ मध्ये वर्तवलेले अंतर सुमारे ४३ पट होते. अंतराच्या बाबतीत बागलकोटचे शिक्षक अधिक जवळ होते. शोध जाहीर झाल्यावर पाच महिन्यांच्या आत, ३ ऑगस्ट १९३० रोजी, वयाच्या शहात्तराव्या वर्षी केतकरांचे निधन झाले.

येथवरची हकीकत अभिमानाने सांगितली जाते. त्यापुढची क्वचितच सांगितली जाते.

नेपच्यूनचा शोध १८४६ मध्ये खऱ्या अर्थाने गुरुत्वाकर्षणाच्या हिशेबाने लागला होता. युरेनस आपल्या ठरल्या वाटेवरून ढळत होता. त्यावरून ल व्हेरिए यांनी ओढणाऱ्या ग्रहाची दिशा काढली आणि बर्लिनमध्ये गाले यांना तो एका अंशाच्या आत सापडला. तसाच आणखी एक ग्रह पलीकडे असेल, या आशेने पुढची अनेक भाकिते झाली. परंतु १९७८ मध्ये प्लुटोचा उपग्रह शॅरन सापडला आणि त्याच्या गतीवरून प्लुटोचे वस्तुमान नेमके ठरवता आले. ते पृथ्वीच्या अवघे ०.२ टक्के भरले. एवढ्या हलक्या गोलाच्या ओढीने युरेनस किंवा नेपच्यून जाणवण्याइतके ढळणे शक्य नव्हते. पुढे व्हॉयेजर-२ यानाने १९८९ मध्ये नेपच्यूनचे वस्तुमान अचूक मोजले आणि त्यानंतर युरेनसच्या गतीत समजावून सांगण्यासारखे काही उरलेच नाही. लॉवेल यांनी दाखवलेल्या भागात प्लुटो मिळाला, हा योगायोग ठरला.

केतकरांचा मार्ग लॉवेल यांच्याहून वेगळा होता. गुरूच्या तीन चंद्रांच्या गतींत लाप्लासला आढळलेली आकड्यांची संगती त्यांनी ग्रहांना लावून पाहिली. ही पद्धत सामान्य नियम म्हणून टिकलेली नाही, आणि त्यांचा दुसरा ग्रह, विष्णू, कोणाला सापडला नाही. त्यामुळे प्लुटोचा शोध केतकरांनी लावला, असे म्हणणे रास्त होणार नाही. दूरबीण वळवायला केवळ अंतर पुरत नाही. तरीही, गतींच्या संगतीत काहीतरी अर्थ असावा हा त्यांचा अंदाज अगदीच वाया गेला असेही नाही. नेपच्यूनच्या तीन फेऱ्या होतात तेवढ्या काळात प्लुटोच्या दोन होतात, हे १९६० च्या दशकात गणिताने सिद्ध झाले. या बांधीलकीमुळेच त्यांच्या कक्षा आकाशाच्या नकाशावर एकमेकींना ओलांडताना दिसत असूनही दोघे कधी जवळ येत नाहीत.

केतकरांच्या ज्या मताला शासनाचा शिक्का मिळाला, ते मत ग्रहांच्या शोधाचे नव्हे. राशिचक्राचा आरंभ कोठे मानायचा, या प्रश्नाचे होते. छत्रे आणि लोकमान्य टिळक यांनी रेवती नक्षत्रातील तारा आरंभस्थानी मानला. केतकरांनी पुढे चित्रा ताऱ्यासमोरचा बिंदू धरण्याचा पुरस्कार केला. दोहोंत सुमारे चार अंशांचा फरक आहे आणि सूर्य रोज साधारण एक अंश सरकतो. स्वातंत्र्यानंतर मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या पंचांग सुधारणा समितीने १९५५ च्या अहवालात चित्रापक्षाला अनुसरूनच अयनांश निश्चित केले. देशभर मकरसंक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला येते ती याच गणिताने. रेवतीपक्षाला धरून चालणाऱ्या टिळक पंचांगात ती १० जानेवारीच्या सुमारास असते.