केडगावचा अभ्यास

आमच्या रांजणगावातून न्हावऱ्यामार्गे निघालं, भीमा ओलांडली की केडगाव येतं. लग्न होऊन या भागात आले त्याला आता पंचवीस वर्षं होतील. केडगाव स्टेशनवरून कितीदा गाडी पकडली असेल, पण 'मुक्ती'च्या फाटकाशी कधी पाय थांबले नाहीत. पंडिता रमाबाई म्हणजे शाळेच्या पुस्तकातला एक धडा, एवढीच माझी ओळख!

निमित्त घडलं ते एका फॉर्मचं. लग्नामुळे माझं बी. ए. राहून गेलं होतं. मुक्त विद्यापीठाचा फॉर्म आणला, तर मुलगा हसत म्हणाला की आई, सत्तेचाळिसाव्या वर्षी डिग्री घेऊन तू कुठं नोकरीला लागणार? त्याचं तरी काय चुकलं? फॉर्म गुपचूप साड्यांखाली गेला. त्याच आठवड्यात वाचनालयात रमाबाईंचं चरित्र हाती लागलं, आणि झोप उडाली.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतलेला. त्याच आईनं, लक्ष्मीबाईंनी, लेकीला शिकवलं. तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत हे कुटुंब देशभर पायी फिरायचं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई-वडील गेले, बहीणही गेली. उरलेली दोघं भावंडं चालत चालत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचली. तिथल्या विद्वानांनी विशीतल्या या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. पुढे भाऊ गेला. बिपिनबिहारी मेधावींशी लग्न झालं, मनोरमा झाली आणि दीड वर्षाच्या संसारानंतर १८८२ मध्ये नवराही गेला. चोविसाव्या वर्षी एवढं सगळं!

मग पुणं, आर्य महिला समाज आणि १८८३ मध्ये इंग्लंड. जायचं होतं डॉक्टर व्हायला, पण ऐकू कमी यायचं, म्हणून ते राहिलं. त्याच वर्षी वाँटेज इथं त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मला वाटायचं, धर्म बदलला म्हणजे सांगितलं ते मान्य केलं असणार. छे! तिथल्या भगिनींशी त्या पत्रांतून वाद घालत राहिल्या. स्वतः वाचून, पडताळून पटल्याशिवाय एकही गोष्ट घ्यायची नाही, हा त्यांचा बाणा. पुढे त्यांनीच प्रांजळपणे लिहून ठेवलंय, की ख्रिस्ताचा धर्म मिळाला होता, पण खुद्द ख्रिस्त भेटायला त्यानंतर आठेक वर्षं लागली. डोक्याला कळलेलं मनात उतरायला वेळ लागतोच की! तोवर वाचन आणि प्रार्थना त्यांनी सोडली नाही.

१८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन निघालं आणि पुढच्या वर्षी पुण्याला आलं. १८९३ मध्ये धर्मांतरावरून वादळ उठलं. रानडे-भांडारकरांसारख्यांनी संबंध तोडला, पालकांनी मुली काढून नेल्या. लोकांचा राग का होता, हे मला समजतं. मीही घरात देव पुजणारी बाई. पण १८९६-९७ च्या दुष्काळात उपाशी मुलींना आणायला रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या, तेही विसरता येत नाही. आधी घेतलेल्या केडगावच्या जमिनीवर त्या मुलींसाठी 'मुक्ती' उभी राहिली. तिथं शेती, विणकाम, छपाई असं सगळं बायकांनीच करायचं.

आणि मुख्य गोष्ट तर पुढेच आहे. तेव्हाचं मराठी बायबल संस्कृतप्रचुर. नुकतंच वाचायला शिकलेल्या खेड्यातल्या बाईला ते कसं कळणार? म्हणून रमाबाईंनी सोप्या मराठीत नवं भाषांतर करायचं ठरवलं. दुसऱ्याच्या भाषांतरावर विसंबायचं नाही, म्हणून मूळ भाषा शिकायला घेतल्या, हिब्रू आणि ग्रीक! तेव्हा त्यांची पंचेचाळिशी उलटलेली. कान साथ देत नव्हते, भोवती शेकडो मुलींचा संसार. तरी रोजचा अभ्यास चुकला नाही. त्यांच्यासाठी ती कोश-व्याकरणं म्हणजे देवापुढे बसण्याचीच एक रीत होती.

१९२१ मध्ये मनोरमा गेली. एकुलती एक लेक, कामातला उजवा हात. तरीही शेवटची मुद्रितं तपासणं थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल छापून झालं १९२४ मध्ये. खिळे जुळवणाऱ्या होत्या 'मुक्ती'तल्याच बायका!

संस्कृतच्या या पंडितेनं उभ्या आयुष्याची विद्या पणाला लावली ती सोपं लिहिण्यासाठी. मला हे फार लागलं. शिकून नोकरी कुठली, हा प्रश्न त्यांच्या अभ्यासाला लागूच पडत नाही. कळावं म्हणून शिकायचं आणि कळलेलं दुसरीच्या हाती द्यायचं.

आमच्या गावचा महागणपती तर विद्येची देवता. आजवर मी त्याच्याकडे मागितलं ते मुलांच्या परीक्षेपुरतं. परवा पहिल्यांदा स्वतःसाठी मागितलं आणि घरी येऊन फॉर्म भरला. शेजारच्या दोन सुनांचंही शिक्षण अर्धवट राहिलंय. दुपारी भांडी आवरली की त्या माझ्याकडे येणार आहेत, आपापली पुस्तकं घेऊन.

मुलाला अजून सांगितलं नाहीये. पुस्तकं आली की कळेलच!

तुमच्याही साड्यांखाली एखादा फॉर्म असेल ना? बघा जरा.