देवळालीचे गणितानंद

क्रॉयडन हा लंडनचा दक्षिणेकडील भाग. मॉरिशसहून गेलेली पुष्कळ कुटुंबे तेथे राहतात. आमच्या वाचकांपैकीही कित्येकांची मुले-नातवंडे तेथे असतील. इंग्लंडच्या शाळांच्या अभ्यासक्रमात २०१४ पासून पाच-सहा वर्षांच्या मुलांनाही अल्गोरिदम, म्हणजे काम पायरीपायरीने करण्याची ठरलेली रीत, शिकवितात. त्यासाठी संगणकाच्या पडद्यावरील कोड्यांचा उपयोग होतो. हे पाहून आम्हांस नाशिकजवळच्या देवळालीच्या एका शाळामास्तरांची आठवण होते. त्यांच्याजवळ संगणक नव्हता. खडू, फळा आणि अंक होते.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. ते आठ वर्षांचे असताना आई वारली. वडिलांनी त्यांना वाढविले. ठाण्यास शालेय शिक्षण घेऊन ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गेले. १९२७ साली त्यांनी रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळविले. १९२९ साली पदवीधर झाल्यावर १९३० ते १९६२ पर्यंत त्यांनी देवळालीस शिक्षकी केली.

वरची पदवी नसल्यामुळे अनेक विद्वानांना त्यांचे संशोधन पोरखेळ वाटे. कापरेकर खचले नाहीत. पदरचे पैसे खर्चून ते पुस्तिका छापीत आणि परिषदांना जात. लोक त्यांना गणितानंद म्हणत.

१९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी एक नवल मांडले. चार अंकी संख्या घ्यावी. चारही अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या क्रमाने लिहावे, त्यांतून चढत्या क्रमाने लिहिलेली संख्या वजा करावी, आणि उत्तरावर पुन्हा तीच कृती करावी. मध्ये शून्य आले तरी चार अंक राखावे. आपल्या बेटावर गिरमिटियांचे जहाज आले ते वर्ष १८३४ घेऊ:

८४३१ − १३४८ = ७०८३
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

पुढे कितीही वेळा करा, ६१७४ च येते. कोणत्याही संख्येपासून निघालो तरी सात पायऱ्यांच्या आत तेथेच पोहोचतो. आरंभ, ठरलेली कृती, तिची पुनरावृत्ती आणि कोठे थांबावे याची खूण: अल्गोरिदमचा सारा धडा या एका कोड्यात आहे.

१९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकन मासिकात त्यांच्याविषयी लिहिले आणि देवळालीच्या मास्तरांचे नाव जगभर झाले. पत्नी १९६६ मध्येच निवर्तली होती; तुटपुंज्या निवृत्तिवेतनाला शिकवण्यांची जोड देत त्यांनी उत्तरायुष्य काढले. १९८६ साली देवळालीस त्यांचे देहावसान झाले.

क्रॉयडनच्या नातवंडांना मराठी बोलणे कदाचित जड जात असेल. अंक मात्र त्यांना येतात. पुढच्या वेळी त्यांचा फोन आला की हे कोडे घालावे, आणि ते कापरेकर नावाच्या मराठी मास्तरांचे आहे, हेही सांगावे.