फिरंगोजी नरसाळा : दोन किल्ले, एक किल्लेदार

पुणे-नाशिक महामार्गावरून चाकणच्या औद्योगिक वसाहतीकडे रोज हजारो वाहने धावतात. त्यातील फारच थोड्या प्रवाशांची नजर गावातील संग्रामदुर्गाच्या पडक्या तटाकडे वळत असेल. या भुईकोटाचे किल्लेदार फिरंगोजी नरसाळा यांचे नाव मराठी माणसाला परिचित आहे, ते १६६० सालच्या वेढ्यामुळे. त्यांचे चरित्र मात्र या एका प्रसंगापुरते नाही. माणसाचा विवेक आणि दैवाचे दान यांचा हिशेब किती अवघड असतो, याचे ते उदाहरण आहे.

चाकण हे शहाजीराजांच्या जहागिरीतील ठाणे. दादोजी कोंडदेव यांचे १६४७ मध्ये निधन झाले आणि शिवाजीराजांनी जहागिरीचा कारभार हाती घेतला. राजांनी तेव्हा विशीही ओलांडलेली नव्हती. त्यांच्या बाजूने उभे राहणे, हा तोलूनमापून वागणाऱ्याला वेडेपणा वाटावा असा काळ होता. फिरंगोजींनी तो निर्णय घेतला. राजांनी त्यांना किल्लेदारीवर कायम ठेवून आसपासच्या गावांची व्यवस्थाही सोपवली.

१६६० च्या पावसाळ्यात शायिस्ताखानाने चाकणची निवड केली, ती विचारपूर्वक. पावसात पुण्याची रसद तुटण्याची भीती होती. चाकण मोगली मुलखाला जवळ, शिवाय किल्ला सपाटीवरचा. खान १९ जूनला पुण्याहून निघाला आणि २१ जूनला चाकणपाशी पोहोचला. योगायोग असा, की त्याच सुमारास शिवाजीराजे स्वतः पन्हाळ्यावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात अडकले होते. कुमक यावी कोठून?

तरीही किल्ला पन्नासहून अधिक दिवस झुंजला. अखेर मोगलांनी ईशान्येकडील बुरुजाखाली भुयार नेले आणि १४ ऑगस्टला दुपारी सुरुंग उडवला. बुरूज आतल्या माणसांसह कोसळला. खिंडाराच्या आत मराठ्यांनी मातीचा उंच बांध रचून ठेवला होता. त्याच्या आडून त्यांनी मोगलांना रात्रभर रोखले. दुसऱ्या दिवशी मात्र तट गेला. मदतीची आशा उरली नव्हती, तेव्हा राव भावसिंह हाडा यांच्या मध्यस्थीने फिरंगोजींनी किल्ला खाली केला. मोगलांची २६८ माणसे ठार आणि ६०० जखमी झाली होती. खानाने देऊ केलेली बादशाही चाकरी फिरंगोजींनी नाकारली. राजांनी त्यांना दोष दिला नाही, उलट पुढे भूपाळगडाची किल्लेदारी दिली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राजांनीही पन्हाळा आदिलशाहीला देऊन टाकला. वेळ पाहून माघार घेण्याचे मोल ते जाणत होते.

एका लहानशा कोटासाठी एवढी किंमत मोजावी लागल्यावर खान डोंगरी किल्ल्यांच्या वाटेला जाण्याऐवजी पुण्यातच रेंगाळला. एप्रिल १६६३ मध्ये लाल महालातील छाप्यात त्याची बोटे तुटली. चाकणच्या पराभवातून हे निपजेल, हे किल्ला सोडताना फिरंगोजींना कसे ठाऊक असणार?

दैवाचे दुसरे दान मात्र उलटे पडले. डिसेंबर १६७८ मध्ये युवराज संभाजीराजे दिलेरखानाला जाऊन मिळाले आणि एप्रिल १६७९ मध्ये मोगल फौज आजच्या सांगली जिल्ह्यातील भूपाळगडावर चालून आली. बखरींतील हकिकतीप्रमाणे, समोर युवराज पाहून तोफ डागण्यास फिरंगोजींचा हात धजेना. त्यांनी गड सोडला आणि महाराजांचा रोष ओढवून घेतला. गड पडल्यावर सातशे शिबंदीचा एकेक हात तोडण्यात आला.

चाकणला फिरंगोजींसमोर फक्त शत्रू होता. भूपाळगडी शत्रूच्या फौजेत धन्याचा पुत्र होता. असा पेच किल्लेदाराच्या कोणत्याही अनुभवात बसणारा नव्हता. गड सोडला नसता तर कदाचित युवराजांच्या रक्ताचा डाग लागला असता. सोडला म्हणून सातशे जणांचे हात गेले. यशस्वी माणसाला आपण दूरदर्शी म्हणतो आणि अपयशी माणसाला अविचारी. फिरंगोजींचे चरित्र वाचताना हा निवाडा करण्यापूर्वी थोडे थांबावेसे वाटते. निर्णय त्यांचा होता. त्या घटकेला तटाखाली कोण उभे असेल, हे ठरवणे त्यांच्या हाती नव्हते.