विद्यापीठाच्या हाती वारसा सोपविणारे विद्वान : आसफ अली असगर फैजी

वाचकहो, आपल्या समाजात शिक्षणासाठी पैसा देणाऱ्या दात्यांची नावे आपण अभिमानाने घेतो, आणि ते योग्यच आहे. परंतु दानाचा आणखी एक प्रकार आहे. आयुष्यभर जिवापाड जपलेली हस्तलिखिते, ज्यांची दुसरी प्रत सहजासहजी मिळणार नाही, ती घराबाहेर काढून सार्वजनिक संस्थेच्या हाती देणे, हे ते दान. असे दान करणारे थोर कायदेपंडित आसफ अली असगर फैजी यांचे चरित्र या स्मरणिकेच्या निमित्ताने आपल्यापुढे ठेवीत आहे. विद्यार्थी मित्रांनी ते अवश्य वाचावे, आणि पालकांनीही वाचावे, कारण शेवटी हा विषय आपल्या घरच्या ट्रंकेपर्यंत येऊन पोहोचतो.

फैजींचा जन्म १० एप्रिल १८९९ रोजी माथेरान येथे झाला. घराणे सुलेमानी बोहरा पंथाचे. मुंबईच्या प्रसिद्ध तय्यबजी परिवाराशी नात्याने जोडलेले. न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांचे बंधू कमरुद्दीन यांनी १८७४ साली अंजुमन-ए-इस्लामच्या स्थापनेत पुढाकार घेतला, हे आपण जाणताच. या परिवाराची एक रीत मोठी सुंदर होती. प्रत्येक घरात ‘अखबार’ची एक वही असे. घरात कोण आले, कोण गेले, कोणाचे लग्न ठरले, मुले काय शिकली, कोणता ग्रंथ वाचला, हे त्या वहीत कुटुंबातील माणसे लिहून ठेवीत. कागद जपण्याचा संस्कार अशा वातावरणातूनच होतो.

फैजींचे शिक्षण मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात झाले. पुढे ते केंब्रिजला सेंट जॉन्स कॉलेजात गेले. तेथे त्यांनी अरबी आणि फारसीचा सखोल अभ्यास केला. १९२५ साली ते बॅरिस्टर झाले व १९२६ पासून मुंबईच्या उच्च न्यायालयात वकिली करू लागले. ही वकिली सुमारे बारा वर्षे चालली. पण केवळ फी मिळवून समाधान मानणारा हा वकील नव्हता. न्यायालयात मुस्लिम कायद्याचा प्रश्न निघाला की मूळ अरबी ग्रंथापर्यंत जाऊन पाहावे, ही त्यांची वृत्ती होती.

१९३८ साली ते मुंबईच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजचे प्राचार्य व न्यायशास्त्राचे पेरी प्राध्यापक झाले. त्याच वर्षापर्यंत हे पद डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी भूषविले होते. आपल्या लालबागला लागून असलेल्या परळच्या बी.आय.टी. चाळीत बाबासाहेबांनी अनेक वर्षे काढली, हे येथील मुलांना ठाऊक असते. त्यांच्या खुर्चीवर पुढे एक मुस्लिम विद्वान बसला, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. फैजी १९४७ पर्यंत प्राचार्य होते. विद्यार्थ्यांना शिकविता शिकविता तयार झालेला त्यांचा मुस्लिम कायद्यावरील ग्रंथ १९४९ साली प्रसिद्ध झाला. आजही वकील व विद्यार्थी तो वापरतात आणि न्यायालयांच्या निकालांत त्याचा आधार घेतला जातो.

आता मुख्य विषयाकडे वळू. इजिप्तमध्ये इ. स. ९६९ पासून ११७१ पर्यंत फातिमी खलिफांचे राज्य होते. कैरो शहर त्यांनी वसविले, अल-अझहर त्यांनीच स्थापिले. त्यांच्या ग्रंथालयांची ख्याती दूरवर होती. ते राज्य बुडाले तेव्हा ती ग्रंथालये विखुरली. पण त्या पंथाचे ग्रंथ येमेनमधील अनुयायांनी नकला करून जिवंत ठेवले. सोळाव्या शतकात पंथाचे मुख्य केंद्र येमेनमधून गुजरातेत आले, आणि पुस्तकेही समुद्र ओलांडून आली. पुढे बोहरा व्यापाऱ्यांबरोबर ती मुंबईत पोहोचली. म्हणजे कैरोत हरवलेला ठेवा आपल्या शहरातील घराघरांत, कापडात गुंडाळलेला, पेटीत ठेवलेला होता!

हे ग्रंथ बाहेरच्यांना दाखविण्याची प्रथा नव्हती. पंथातही गूढ विषयांचे ग्रंथ वाचण्यास अनुज्ञा घ्यावी लागे. या प्रथेला दोष देण्यापूर्वी आपण तिचे कारण पाहिले पाहिजे. या पंथाने शतकानुशतके छळ सोसला होता, आणि झाकून ठेवले म्हणूनच ते ग्रंथ वाचले. परंतु झाकून ठेवण्यात दुसरा धोका असतो. मुंबईची हवा दमट. कसर, वाळवी आणि बुरशी ही पंथ पाहत नाहीत, अनुज्ञाही मागत नाहीत. एकाच घरात एकच प्रत असली आणि ती नष्ट झाली, तर तो ग्रंथ जगातूनच जातो. त्यातून पुढच्या पिढीला अरबी येत नसली तर पेटीतल्या पोथीची किंमत तिला कशी कळावी?

फैजींनी हे ओळखले. १९३३ साली मुंबईत इस्लामिक रिसर्च असोसिएशन स्थापन झाले, त्याच्या संस्थापकांपैकी ते एक होते. त्या काळी व्लादिमीर इव्हानोव्ह हे रशियन पंडित मुंबईत राहून इस्माइली वाङ्मयाचा अभ्यास करीत होते. त्यांचे ग्रंथ या संस्थेने प्रकाशित केले. फैजींनी स्वतः फातिमी न्यायशास्त्राचा सर्वांत मोठा ग्रंथ हाती घेतला. काझी नुमान हे फातिमी दरबाराचे महान कायदेपंडित, इ. स. ९७४ मध्ये वारले. त्यांचा ‘दआइमुल इस्लाम’ हा ग्रंथ दोन खंडांचा आहे. पहिल्यात इबादत म्हणजे उपासनेचे नियम, दुसऱ्यात मुआमलात म्हणजे व्यवहाराचे नियम. बोहरा समाजात तो आजही प्रमाण मानला जातो. निरनिराळ्या हस्तलिखितांतील पाठ ताडून पाहून शुद्ध संहिता सिद्ध करण्याचे किचकट काम फैजींनी केले.

१९४९ मध्ये भारत सरकारने त्यांना इजिप्तमध्ये राजदूत म्हणून पाठविले. १९५१ पर्यंत ते त्या पदावर होते, आणि १९५१ सालीच ‘दआइम’चा पहिला खंड कैरोमध्ये छापून निघाला. वाचकहो, हा योग पाहा. ज्या शहरात हजार वर्षांपूर्वी हा कायदा चालला आणि जेथून त्याचे ग्रंथ नाहीसे झाले, त्याच शहराला भारतातील एका विद्वानाने तो ग्रंथ परत केला. दुसरा खंडही पुढे कैरोतच प्रसिद्ध झाला.

१९५२ ते १९५७ ते केंद्रीय लोकसेवा आयोगाचे सदस्य होते आणि १९५७ ते १९६० जम्मू-काश्मीर विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९६२ साली त्यांना पद्मभूषण किताब मिळाला. १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका ग्रंथात त्यांनी धर्माची मूलतत्त्वे आणि काळानुरूप बदलणारा कायदा यांत फरक करावा, असा विचार मांडला. पुष्कळांना तो पटला नाही, आजही पटत नाही. त्यांच्या मतांशी मतभेद ठेवण्याचा हक्क प्रत्येकास आहे. परंतु मतभेद करण्यासाठीसुद्धा मूळ ग्रंथ समोर असावे लागतात, आणि ते समोर आणण्याचे श्रेय त्यांच्याकडून कोणीही हिरावून घेऊ शकत नाही.

आपल्या संग्रहातील सुमारे २०० इस्माइली हस्तलिखिते फैजींनी मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयास देऊन टाकली. ओव्हल मैदानासमोरचा राजाबाई टॉवर आपण सर्वांनी पाहिला आहे. त्याच्या पायथ्याची इमारत म्हणजे विद्यापीठाचे जुने ग्रंथालय. शेठ प्रेमचंद रायचंद यांनी ग्रंथालयासाठी २ लाख आणि मनोऱ्यासाठी २ लाख रुपये दिले होते. पण इमारत म्हणजे ग्रंथालय नव्हे. आत काय ठेवायचे, हे फैजींसारख्यांनी ठरविले.

नुसते ठेवूनही भागत नाही. कपाटात काय आहे हे कोणास ठाऊक नसेल, तर असणे आणि नसणे सारखेच. म्हणून वर्णनात्मक सूची करावी लागते. ग्रंथाचे नाव, कर्ता, पानांची संख्या, आकार, लिपी, नकलनवीस कोण, नक्कल कधी केली, आरंभ व शेवट कसा आहे, हे सर्व प्रत्येक पोथीपुढे नोंदवितात. विद्यापीठातील अरबी, फारसी व उर्दू हस्तलिखितांची अशी सूची शेख अब्दुल कादिर सरफराज यांनी तयार केली, ती १९३५ साली निघाली. फैजी संग्रहाची सूची मुईझ गोरियावाला यांनी केली आणि विद्यापीठाने ती १९६५ साली प्रसिद्ध केली. त्या सूचीमुळे जगातील कोणताही अभ्यासक, मग तो कोणत्याही धर्माचा वा पंथाचा असो, मुंबईत काय आहे ते जाणू शकतो.

फैजींनी कुटुंबाचे कागदही विसरले नाहीत. बद्रुद्दीन तय्यबजींचे वडील तय्यब अली भाईमियाँ हे गरिबीतून वर आलेले व्यापारी. त्यांचे आत्मचरित्र फैजींनी संपादित करून १९६४ मध्ये प्रसिद्ध केले. एका साध्या व्यापाऱ्याच्या आठवणींनाही त्यांनी काझी नुमानांच्या ग्रंथाइतक्याच काळजीने हाताळले. २३ ऑक्टोबर १९८१ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या चरित्रातून आपण काय घ्यावे? आपल्याजवळ फातिमी पोथ्या नाहीत. पण लालबागकरांना कागदाची किंमत कोणी शिकवावी लागत नाही. १९८२ चा संप झाला, पुढे एकेक गिरणी बंद पडली. नंतर गिरणी कामगारांच्या घरांची योजना आली, तेव्हा माणूस गिरणीत होता याचा पुरावा मागण्यात आला. ज्याने तिकीट नंबरचा पास, पगाराची पावती, विम्याचे कार्ड जपून ठेवले होते, त्याचा अर्ज उभा राहिला. ज्याने रद्दीत दिले, त्याचे वारस आजही हेलपाटे घालताना दिसतात.

तीच गोष्ट आपल्या मुलांची. मोमीन, अन्सारी, पिंजारी, तांबोळी अशा इतर मागासवर्गात मोडणाऱ्या कुटुंबांना जातीचा दाखला काढताना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा शोधावा लागतो. तो बहुधा आजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरात सापडतो. त्या काळी नाव नोंदविताना गुरुजींनी जातीच्या रकान्यात काय लिहिले, यावर नातीचा मेडिकलचा प्रवेश अवलंबून असतो. शिक्षक म्हणून मी सांगतो, शाळेच्या दप्तरात त्या जाडजूड वहीहून मौल्यवान वस्तू दुसरी नाही.

तेव्हा घरातील जुने निकाहनामे, खरेदीखते, शाळेचे दाखले, मशिदीच्या व जमातीच्या वह्या यांची प्रथम एक यादी करा. ओल नसलेल्या जागी, स्वच्छ सुती कापडात बांधून ठेवा. फाटलेल्या कागदावर चिकटपट्टी लावू नका व प्लास्टिकमध्ये कायमचे चिकटवून घेऊ नका. काही वर्षांनी कागद त्यामुळेच खराब होतो. पावसाळा संपला की उघडून पाहा. फोटो काढून प्रत दुसऱ्या घरीही ठेवा. आणि जे कागद सर्वांच्या उपयोगाचे आहेत, ते शाळेला, संस्थेला अथवा विद्यापीठाला द्या, देताना पावती व यादी अवश्य घ्या.

कुराण शरीफात पहिला हुकूम वाचण्याचा आला, आणि लगेच कलमाचा उल्लेख आला. वाचण्यासाठी लिहिलेले शिल्लक राहावे लागते. मरहूम फैजी साहेबांनी आपल्या वाट्याचे शिल्लक ठेवले. आपल्या वाट्याचे आपण ठेवू या. अल्लाह त्यांना मगफिरत देवो आणि आपल्याला ही समज देवो. आमीन.